न वाळणारा बूट: पायांच्या दुर्गंधीचं एक प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती: बूट काढले की शेजारचा माणूस उठून खिडकी उघडतो. वय २८, पुरुष, गोदामात माल हलवण्याचं काम, पोलादी टोपीचे सेफ्टी बूट रोज सुमारे साडेबारा तास पायांत. वास चौदा महिन्यांपासूनचा. गेल्या तीन महिन्यांत त्यात दोन गोष्टींची भर पडली. संध्याकाळी मोजा टाचेला चिकटून बसतो, ओढून काढावा लागतो. आणि अनवाणी चालताना चवड्याखाली हुळहुळतं. खाज नाही. मधुमेह नाही, कसलं औषध चालू नाही, वजन घटलेलं नाही. तळहातांनाही घाम येतो, पण त्याचा त्रास नाही.

हा रुग्ण म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. बंद बुटांत दिवस काढणाऱ्यांच्या पायांवर जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका माणसावर बसवून हे प्रकरण मांडलं आहे. औषधांची प्रमाणं आणि मुदती मात्र रोजच्या वापरातल्याच आहेत.

आधी काय काय करून झालं होतं

सुगंधी टाल्कम पावडर रोज बुटात. मग क्लोट्रिमाझोल मलम सहा आठवडे, कारण ‘पायाला वास म्हणजे बुरशी’ असं कुणीतरी सांगितलं. त्यानं काही होईना म्हणून स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेलं तिहेरी मलम तीन आठवडे. त्यानं हुळहुळणं थोडं थांबलं, मलम बंद केल्यावर परत आलं. जोडीला रोज रात्री वजरीनं टाच खसाखसा घासणं आणि गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसणं.

यातला एकही उपाय आळशी माणसाचा नाही. मेहनत भरपूर झाली, दिशा चुकली. टाल्क पाणी फारसं शोषत नाही. ओल्या बुटात त्याचा लगदा होतो आणि तो शिवणींत जाऊन बसतो. बुरशीनाशकाचा जिवाणूंवर भरवसा धरता येत नाही. तिहेरी मलमातलं स्टेरॉइड जळजळ झाकतं आणि कातडी पातळ करतं; मलमाचा तेलकट थर वरून ओल कोंडून ठेवतो तो वेगळाच. वजरीनं निबर कातडी थोडी निघते, पण कोवळ्या कातडीवर ओरखडे उठले की जंतूंना आयती वाट मिळते. राहिलं गरम पाणी. भिजलेला पाय घाईनं पुसून मोज्यात घातला की अर्धा दिवस ओल आतच.

तपासणी: कोरडा तळवा फसवतो

सकाळी नऊ वाजता, धुतलेले पाय. तळवे जवळजवळ निरोगी दिसत होते. टाचेच्या मागच्या कडेला कातडी जरा खरखरीत, एवढंच. इथेच बहुतेकांची तपासणी संपते आणि हातात सुगंधी फवारा पडतो.

दोन्ही पाय साध्या कोमट पाण्यात १५ मिनिटं बुडवून ठेवले. बाहेर काढल्यावर चित्र बदललं. कातडीचा वरचा थर पाणी पिऊन पांढरा पडला होता आणि त्या पांढऱ्यावर टोचणीनं भोकं पाडावीत तसे खड्डे उठून दिसले: टाचेवर, चवड्यावर आणि अंगठ्याच्या पोटावर, म्हणजे जिथे जिथे वजन पडतं तिथे. बहुतेक १ ते ३ मिलिमीटर रुंद, कडा कापल्यासारख्या सरळ. टाचेवर पाचसहा खड्डे एकमेकांत मिसळून नकाशातल्या बेटासारखी वेडीवाकडी कड तयार झाली होती. तळव्याच्या मधल्या कमानीत, जिथे भार पडत नाही, तिथे एकही नाही.

वास कुजकट, गंधकाकडे झुकणारा. हा तपशील उपयोगाचा आहे. नुसता जुन्या घामाचा वास आंबूस असतो. कुजक्या अंड्याची आठवण करून देणारा दर्प आला की तळव्यावर खड्डे शोधायचे.

बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून पाहिल्या. चौथ्या आणि पाचव्या बोटामधली कातडी किंचित पांढरट, पण भेग नाही, पापुद्रा सुटलेला नाही. तिथून आणि टाचेच्या कडेवरून खरवडून घेतलेली कातडी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशीचे धागे नाहीत. वुड्स दिव्याखाली (अतिनील प्रकाशाचा दिवा) बेचक्या पोवळ्यासारख्या लालसर चमकल्या नाहीत, त्यामुळे एरिथ्राझ्मा हा बेचक्यांतला जिवाणूसंसर्गही बाद.

निदान: पिटेड केराटोलिसिस, म्हणजे तळव्याच्या निबर थराला जिवाणूंनी पाडलेले खड्डे, आणि त्याच्या मुळाशी तळपायांचा जास्त घाम.

वास कुठून येतो

तळपायावर घामाच्या ग्रंथी दाटीवाटीनं असतात. दोन्ही पायांच्या मिळून सुमारे अडीच लाख धरल्या जातात. हा घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. वास तयार करतात ते कातडीवर कायम राहणारे जिवाणू. त्यांना खायला मिळतात भिजून मऊ पडलेल्या मृत पेशी आणि घामातली अमिनो आम्लं. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल मोडतो आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं. पायांचा तो ओळखीचा आंबूस वास याचाच. ब्रेव्हिबॅक्टेरियम जातीचे जिवाणू मेथिओनिनमधून मिथेनथायॉल काढतात, तो गंधकाचा भपकारा.

खड्ड्यांची जबाबदारी मुख्यतः कायटोकॉकस सेडेंटेरियस आणि कोरिनेबॅक्टेरियम गटाकडे जाते. ओल आणि ऊब मिळाली की ते फोफावतात आणि केराटिन (निबर थरातलं प्रथिन) विरघळवणारी प्रथिनभेदक द्रव्यं सोडतात. कातडीचा वरचा थर जागोजागी विरघळतो, तेच खड्डे. त्या मोडतोडीतून गंधकाची संयुगं बाहेर पडतात. मोजा चिकटतो तोही याच भिजलेल्या, अर्धवट विरघळलेल्या थरामुळे.

म्हणून प्रश्न ‘घाम किती येतो’ यापेक्षा ‘तळवा सलग किती तास ओला राहतो’ असा विचारायला हवा. दोन माणसांना सारखाच घाम येत असला, तरी उघडी चप्पल घालणाऱ्याच्या पायाला सहसा वास येत नाही.

बुटाचं वजन

आता खरी गंमत. पायाची तपासणी झाल्यावर बूट मागवले. आतला सुटा तळ (इनसोल) काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायला सांगितला, तीन वेळा. दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवल्यावर ४८ ग्रॅम. कामावरून आल्या आल्या ६१ ग्रॅम. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बूट पुन्हा पायांत घालण्याआधी, ५६ ग्रॅम.

म्हणजे दिवसभरात एका तळात १३ ग्रॅम पाणी मुरलं आणि रात्रभरात त्यातलं फक्त ५ ग्रॅम उडालं. कामाचा दिवस सुरू होतानाच पायाखाली ८ ग्रॅम पाणी. शिवाय अस्तरात आणि टोपीच्या फोममध्ये मुरलेलं वेगळं, ते काट्यावर येतच नाही. बूट संध्याकाळी पावणेआठला निघत होते, दार बंद होणाऱ्या कपाटात जात होते आणि सकाळी सव्वासातला पुन्हा चढत होते. साडेअकरा तास, तेही वारा नसलेल्या जागी.

चौदा महिन्यांत पायाला जे काही लावलं, ते या ५६ ग्रॅमच्या तळावर उभं राहून लावलं होतं. काट्यावरची ही चाचणी कुणीही घरी करावी. सुगंधी फवारे बदलत बसण्यापेक्षा ती जास्त सांगून जाते.

उपचार

पहिले आठ दिवस फक्त जिवाणू आणि ओल यांवर भर. क्लिंडामायसिन १ टक्का द्रावण, तळव्यावर सकाळी आणि रात्री, पातळ थर. मलमाऐवजी द्रावण घ्यायचं कारण साधं: ते उडून जातं, तेलकट थर ठेवत नाही. प्रतिजैविक असल्यानं हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं आणि चार आठवड्यांत थांबवायचं. फ्युसिडिक आम्ल २ टक्के, एरिथ्रोमायसिन २ टक्के किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड ५ टक्के जेल हेही चालतात. बेंझॉइल पेरॉक्साइडचा फायदा असा की जिवाणू त्याला सहसा सरावत नाहीत. तोटा असा की मोजे, चादर, टॉवेल यांचा रंग उडवतं. ते लावायचं तर पांढरे मोजे.

पाय धुणं दिवसातून एकदा, साबणानं, बेचक्यांत बोट घालून. अंघोळीचं साबणपाणी पायांवरून वाहून गेलं म्हणजे पाय धुतले असं होत नाही. नंतर पुसणं हे धुण्याहून महत्त्वाचं: प्रत्येक बेचकीत टॉवेलची कड, मग पाच मिनिटं उघडे पाय पंख्याखाली. केस वाळवायचा ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर.

मोजे दिवसाला दोन जोड. एक पायांत, दुसरा कोरड्या पिशवीत. पाच तासांनी बदलायचा आणि ओला मोजा त्या पिशवीत न घालता वेगळ्या पिशवीत. पूर्ण सुती मोजा घाम पितो खरा, पण धरून ठेवतो. पूर्ण नायलॉनचा पीतच नाही. लोकर आणि कृत्रिम धाग्याचं मिश्रण किंवा खास ओल बाहेर खेचणारे मोजे इथे बरे पडतात. तेही न मिळाले तर जाड सुती मोजे, फक्त दोनऐवजी तीन जोड. धुताना मोजा उलटा करायचा, कारण मृत कातडी आतल्या बाजूला असते, आणि कापडाला चालत असेल तर ६० अंश सेल्सिअसचं पाणी. कापड मऊ करणारं द्रव घालायचं नाही. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि मोज्याची शोषून घेण्याची ताकद जाते.

बुटांचं काम सर्वांत किचकट. जुने तळ टाकून दिले. ते वाचवण्यात अर्थ नव्हता. आतलं अस्तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुसलं, आगीपासून लांब, आणि रात्रभर उघडं ठेवलं. दुसरा जोड घेतला आणि एक दिवसाआड पाळी लावली, म्हणजे प्रत्येक जोडाला ३६ तासांच्या आसपास विश्रांती. घरी आल्यावर नाड्या पूर्ण सैल, जीभ बाहेर ओढलेली, तळ काढून उभा टेकवलेला, आत वर्तमानपत्राचे बोळे. हे बोळे दोन तासांनी बदलायचे. ओला कागद रात्रभर आत राहिला तर तोच ओल धरून बसतो. समोर छोटा पंखा. कपाटात ठेवणं बंद.

बूट फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला बराच फिरतो. थंडीनं जिवाणू झोपतात, मरत नाहीत. पाय आत गेला की तासाभरात जागे. बूट धुण्याच्या यंत्रात टाकणं तर उलट अंगावर येतं: जाड अस्तर वाळायला दोनतीन दिवस लागतात आणि कामावर जायचं म्हणून माणूस ते ओलेच चढवतो.

नवव्या ते अकराव्या दिवशी काय झालं

चौथ्या दिवसापर्यंत कुजकट दर्प बराच कमी, आंबूस वास शिल्लक. नवव्या दिवशी घाम कमी करण्यासाठी अॅल्युमिनियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट २० टक्के द्रावण जोडलं. सूचना होती: रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या तळव्यावर, सकाळी धुऊन टाकायचं. अकराव्या दिवशी फोन: तळवे भाजल्यासारखे, चालवत नाही.

चूक एका पायरीची. अंघोळ करून, पाय पुसून, लगेच द्रावण लावलं होतं. वरवर कोरडी दिसणारी कातडी आतून भिजलेलीच होती. अॅल्युमिनियम क्लोराइड पाण्याशी संयोग पावलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, आणि ते अजून न भरलेल्या खड्ड्यांत उतरलं. कोरड्या तळव्यावर हेच द्रावण ग्रंथींच्या नळीच्या तोंडाशी जाऊन बूच बसवतं. रात्रीच का, तर झोपेत तळव्यांचा घाम सर्वांत कमी असतो, बूच टिकतं.

चार रात्री द्रावण बंद. जळजळ शमली. मग नव्यानं: अंघोळीनंतर निदान एक तास थांबून, ड्रायरची थंड हवा दोन मिनिटं, आणि मगच पातळ थर. पहिल्यांदा एक रात्र सोडून एक, सहन झाल्यावर सलग चार रात्री, घाम आटोक्यात आल्यावर आठवड्यातून दोनदा. नुकतं घासलेल्या किंवा चिरलेल्या कातडीवर कधीच नाही. वजरी तर पहिल्या दिवसापासूनच बंद होती.

तीन आठवडे, आणि सातवा आठवडा

एकविसाव्या दिवशी पुन्हा १५ मिनिटं पाय भिजवून पाहिले. चवडा स्वच्छ. टाचेवर तीन उथळ खुणा. मोजा चिकटत नव्हता, हुळहुळणं नव्हतं. क्लिंडामायसिन चोविसाव्या दिवशी थांबवलं. खुणा उरल्या म्हणून औषध लांबवायचं नसतं. निबर थर आतून वर सरकत आला की खड्डे आपोआप निघून जातात.

सातव्या आठवड्यात वास परत आला. पायाची तीच निगा, तेच मोजे, तेच द्रावण. पाच मिनिटं विचारपूस केल्यावर कळलं की कामाच्या ठिकाणी कपाटात एक तिसरा, जुना जोड पडून होता. चालू जोडाची नाडी तुटली म्हणून तो चार दिवस वापरला गेला. त्याचे तळ कधी बदलले नव्हते, अस्तर पुसलेलं नव्हतं. भिजवून पाहिल्यावर चवड्यावर नवे, टोचणीच्या टोकाएवढे खड्डे. बेंझॉइल पेरॉक्साइड ५ टक्के दहा रात्री, त्या काळात अॅल्युमिनियम क्लोराइड बंद (दोन्ही एकत्र कातडीला झेपत नाहीत), आणि तो जोड कचऱ्यात. प्रकरण पुन्हा जागेवर आलं. पहिल्याच दिवशी ‘बूट आणा’ असं म्हटलं होतं. ‘सगळे बूट आणा’ असं म्हणायला हवं होतं.

हेच निदान नसतं तर

बेचकीत पांढरी, भिजकी, फाटलेली कातडी आणि खाज, म्हणजे चिखल्या. तिथे बुरशी सापडली तर टर्बिनाफिन १ टक्का मलम एक ते दोन आठवडे किंवा क्लोट्रिमाझोल चार आठवडे. त्याच बेचकीत हिरवट झाक आणि वेदना असतील तर स्युडोमोनास जिवाणूची शंका. त्याला घरगुती उपाय पुरत नाहीत. एकाच पायाला नव्यानं वास येत असेल तर वासाच्या मागे न लागता जखम शोधायची: नखाची कड, टाचेची भेग, तळव्याखालचा घट्टा. सगळ्या अंगाला घाम वाढला असेल, छाती धडधडत असेल, वजन उतरत असेल तर थायरॉइड तपासायचं. नैराश्यावरची काही औषधंही घाम वाढवतात. ती स्वतःच्या मनानं बंद करू नयेत, लिहून देणाऱ्याला सांगावं.

मधुमेह असता, किंवा पायाची संवेदना कमी असती, तर वरचं बरंच काही बदललं असतं. पाय बुडवून ठेवणं नाही, अॅल्युमिनियम क्लोराइड स्वतःहून नाही, आणि रोज संध्याकाळी आरशात तळवा पाहणं सक्तीचं. जळजळ जाणवतच नसेल तर अकराव्या दिवशीचा फोन आलाच नसता.

व्हिनेगरबद्दल हमखास विचारणा होते. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी, १५ मिनिटं, आठवड्यातून दोनतीनदा: आम्लता वाढल्यानं काही जिवाणू मागे हटतात, सौम्य वासाला ते चालतं. खड्डे पडलेल्या किंवा चिरलेल्या पायावर मात्र झोंबण्यापलीकडे काही हाती लागत नाही. खाण्याचा सोडा बुटात टाकणं निराळं. तो आम्लं निष्प्रभ करून वास दाबतो, ओल तशीच राहते.

घाम अॅल्युमिनियम क्लोराइडनंही हटला नसता तर पुढची पायरी आयन्टोफोरेसिस: पाण्याच्या दोन उथळ तबकांत पाय आणि सौम्य विद्युतप्रवाह, प्रत्येक वेळी २० ते ३० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. पेसमेकर असलेल्यांना आणि गर्भवतींना हे चालत नाही. त्याहून पुढे बोट्युलिनम (बोटॉक्स) इंजेक्शनं. तळव्यावर ती चांगलीच दुखतात आणि परिणाम काही महिनेच टिकतो.

बाराव्या आठवड्यात तळव्यावर एकही खड्डा नव्हता. चालू राहिलं ते एवढंच: द्रावण आठवड्यातून एकदा, मोजे दोन जोड, बूट आळीपाळीनं, तळ दर तीन महिन्यांनी नवे. तळाचं सकाळचं वजन ४९ ग्रॅम भरत होतं. जास्तीच्या पाळीमुळे जोड बदलता आला नाही तर त्या दिवशी तिसरा मोजा आणि रात्री पंख्याचा वेग एक घर वर, असं ठरलं आहे.